बावीस आणि एकोणचाळीसच्या मध्ये

१

फर्डिनंड लोपीसला आयुष्यात तीन गोष्टींचं समाधान होतं. माणिकपूरच्या गावठाणातलं स्वतःचं घर, ॲनीसारखी बायको आणि स्वतःच्या हातानं बनवलेलं हाऊजीचं मशीन. कुणी विचारलं तर तो याच क्रमानं सांगायचा. ॲनी म्हणायची, "मनातला क्रम उलटा आहे. मला काय ठाऊक नाही?"

मुंबईतल्या एका टेलिफोनच्या कारखान्यातून त्यानं पंचाण्णव साली स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि तो घरी बसला. बसला म्हणजे काय, पडवीत टेबल मांडून गावभरचे मिक्सर आणि इमर्जन्सी लाइट दुरुस्त करू लागला. दर रविवारी चार वाजता महिला मंडळाच्या हॉलमध्ये हाऊजी, म्हणजे एक ते नव्वद आकड्यांचा तांबोला, असायची. तिथे आकडे पुकारायचं काम वर्षानुवर्षं त्याच्याकडेच होतं. आधी लाकडी चकत्यांची पिशवी होती. पिशवीत हात घातला की कुणीतरी म्हणायचं, फर्डी बोटांनी चाचपून बायकोचा आकडा काढतो. ॲनीला नऊ वर्षांत एकदाही फुल हाऊस लागलं नव्हतं, तरी म्हणायचे. फर्डीला ते लागलं आणि त्यानं मशीन बनवलं.

आत फार काही नव्हतं. ॲनीला त्यानं ते एकदा वाटाणे सोलता सोलता समजावलं होतं. "समज, सात घरांची चाळ आहे. काही घरांत दिवा आहे, काहींत नाही. मी बटण दाबलं की प्रत्येकानं आपल्याकडचं शेजाऱ्याला द्यायचं. दिवा असेल तर दिवा, अंधार असेल तर अंधार. शेवटच्याकडचं बाहेर पडतं. पहिल्या घराला काय मिळणार ते शेवटची दोन घरं ठरवतात. दोघांपैकी एकाकडेच दिवा असेल तर पहिल्याला दिवा, नाहीतर अंधार. बस. कुठल्या घरांत दिवे आहेत त्यावरून आकडा होतो."

"आणि तोच आकडा परत आला तर?"

"चाळ एकशेसत्तावीस वेळा सरकल्याशिवाय येतच नाही. नव्वदच्या वरचे मशीन गुपचूप गाळतं. खाली राहतात नव्वद आकडे, प्रत्येक एकदाच. वर्तुळ आहे ते, रोझरीच्या मण्यांसारखं."

"आणि सगळीच घरं अंधारात गेली तर?"

फर्डीला बायकोचं कौतुक वाटलं, कारण खरी मेख तीच होती. सातही घरं रिकामी असली तर कुणी कुणाला काहीच देऊ शकत नाही आणि चाळ कायमची अंधारात राहते. शून्यातून वर्तुळात यायला वाट नाही. पण वर्तुळातून शून्यात जायलाही नाही. म्हणून मशीन सुरू करताना एका घरात हातानं दिवा ठेवावा लागतो. त्यासाठी त्यानं वेगळं लाल बटण बसवलं होतं.

त्या लाल बटणाचा मंडळानं रिवाजच करून टाकला. खेळ सुरू होण्याआधी हॉलमधल्या सर्वांत वडील माणसानं पुढे येऊन 'एक टाकायचा'. हा मान मार्गारेट मावशीचा. मूळची राजोडीच्या कोळीवाड्यातली, वय एक्याऐंशी. ती बोट ठेवून डोळे मिटायची, आकडे भराभर फिरायचे, आणि बोट उचललं की जिथे थांबेल तिथून खेळ.

पहिल्याच महिन्यात ॲनीनं मशीनचं पितळ उघडं पाडलं. "फर्डी, सातच्या मागून चौदा, चौदाच्या मागून अठ्ठावीस, मग छप्पन्न. तुझं मशीन पाढे म्हणतंय." फर्डी ओशाळला. त्याच रात्री त्यानं चाळीपासून आकड्यांच्या दिव्यांकडे जाणाऱ्या वायरी उलटसुलट जोडल्या. मग मात्र क्रम कुणाला कळण्यासारखा राहिला नाही. तो एकट्या फर्डीला पाठ होता. सायकलवरून आचोळ्याला सामान पोचवायला जाताना तो मनातल्या मनात तो क्रम म्हणायचा. बावीस, एकोणचाळीस, एकसष्ट, पंच्याहत्तर, सव्वीस. पुकारणारा स्वतः खेळत नाही, त्यामुळे त्यात बेइमानी नव्हती.

२

सत्त्याण्णवच्या उन्हाळ्यात वीज फार जाऊ लागली. खेळ मध्येच तुटायचा, सगळे हातपंखे हलवत बसायचे. फर्डीनं मशीनला आतून एक बॅटरी जोडली. वीज गेली तरी मशीन चालू राहायचं आणि एका रविवारी जिथे थांबलं तिथूनच पुढच्या रविवारी सुरू व्हायचं. आता एक टाकायची गरजच उरली नव्हती. पाच मिनिटं वाचत होती, म्हणून त्यानं तो रिवाज बंद केला.

त्या रविवारी मावशी सवयीनं पुढे आली. फर्डीनं तिला बॅटरीचं सगळं नीट सांगितलं.

"म्हंजे आता तो इजतच नाय," मावशी म्हणाली.

"नाही. आठवडाभर जागाच असतो."

"मग माझं काय काम?" ती हसली आणि परत शेवटच्या रांगेत जाऊन ॲनीशेजारी बसली. फर्डीला जरा वाईट वाटलं, पण फार नाही.

हॉलची रचना सांगायला हवी. प्लग समोरच्या भिंतीत आणि मशीनची वायर आखूड, म्हणून टेबल भिंतीला टेकवलेलं असे. फर्डी हॉलकडे पाठ करून बसायचा आणि मान वळवून पुकारायचा. मशीनवर लाल प्लास्टिकची काच होती. आकडे एवढे मोठे की त्याच्या खांद्यावरून सगळ्यांना दिसत. त्याच्या मागे बाकांच्या आठ रांगा. आठवी भिंतीला टेकलेली. पत्ते जाड पुठ्ठ्याचे, दर रविवारी तेच, ज्याचा त्याचा ठरलेला. सतरा नंबरचा मार्गारेट मावशीचा, अठरा नंबरचा ॲनीचा. तीन ओळी, सत्तावीस चौकोन, त्यांतल्या पंधरांत आकडे आणि बारा रिकामे. पुकारलेल्या आकड्यावर चिंचोका ठेवायचा.

शेवटचा डाव होता. बावीस आला. फर्डीनं पुढचं बटण दाबलं आणि 'एकोणचाळीस' म्हणायला तोंडही उघडलं. काचेत होतं ००.

त्यानं डोळे चोळले. मागून कुणीतरी हसलं. "फर्डी, शून्य कुणाच्या पत्त्यात असतंय?"

"नसतंच शून्य," तो म्हणाला. "काहीतरी सुटलंय आत."

"कोन म्हनतं नसतो? दिसला ना डोल्यांनी," मार्गारेट मावशी म्हणाली.

त्यानं परत बटण दाबलं. एकोणचाळीस आला, मग एकसष्ट, मग पंच्याहत्तर, जसे यायचे तसेच. खेळ संपला, कुणाला तरी चहाचा सेट लागला. पत्ते गोळा करताना मंडळाचा मदतनीस ॲन्सेल्म सहज म्हणाला, "मावशीची नजर गेली बघा. रिकाम्या चौकोनावर चिंचोका ठेवलाय."

३

घरी येऊन फर्डीनं मशीन जेवणाच्या टेबलावर उघडलं. कुठे टाका सैल असेल, व्होल्टेज हललं असेल, तर सातही घरं पुसली जाऊ शकतात. हे अगदी शक्य होतं. तेवढ्यावर त्याला शांत झोप लागायला हरकत नव्हती.

पण बटण दाबता दाबता त्याचा हात थांबला. घरं पुसली गेली हे ठीक. मग पुढचं बटण दाबल्यावर शून्यच राहायला हवं होतं. शून्यातून वाट नाही, हे त्यानंच वाटाणे सोलताना सांगितलं होतं. आणि समजा वीज हलून एखाद्या घरात दिवा परत लागला, तरी कुठला तरी भलताच आकडा यायला हवा होता. एकोणचाळीसच कसा आला? बावीसनंतर एकोणचाळीस असतो हे मशीनला ठाऊक नसतं. त्याच्यापाशी सात घरांखेरीज दुसरी आठवण नाही. सातही रिकामी होती, तेवढ्या वेळात पुढचा आकडा कुणीतरी लक्षात ठेवला होता.

"जेवायला बस," ॲनी म्हणाली. "बांगडा थंड होतोय."

तो बसला. बांगडा फार छान झाला होता. जेवून त्यानं वर्तुळ नऊ वेळा पूर्ण फिरवलं, आठशे दहा वेळा बटण दाबलं. शून्य एकदाही आलं नाही.

पुढच्या रविवारी ते आलं. पुन्हा शेवटच्या डावात आणि पुन्हा बावीसनंतर. ॲन्सेल्म म्हणाला, मावशीनं आज दोन रिकामी घरं भरली. त्यापुढच्या रविवारी तीन. हॉलमध्ये शून्याची थट्टा सुरू झाली. शून्य आलं की मुलं टाळ्या वाजवायची. फर्डीनं पार्ट बदलले, वायरी बदलल्या. मावशीलाही एकदा विचारलं, "मावशी, रिकाम्या घरात का ठेवता?"

"मी कुठं ठेवते?" मावशी म्हणाली. "पुकारलं की ठेवलेला असतो."

मध्ये एका रविवारी त्यानं बॅटरी काढली, मावशीला मानानं पुढे बोलावलं आणि तिच्याकडून एक टाकून घेतला. मावशी खूश झाली. शून्य तरीही आलं.

बाराव्या रविवारी ॲन्सेल्मनं पत्ता उचलून सगळ्यांना दाखवला. "मावशीनं आज सगळा पत्ता भरला." हॉल हसला, मावशीही हसली. बुधवारी दुपारी जेवून ती पडली ती उठली नाही.

एक्याऐंशी वय, झोपेत आलेलं मरण. सगळ्यांनी हेवा केला. फर्डीनं तिच्या पेटीला खांदा दिला आणि त्याला मनापासून रडू आलं. मनात काही आलं होतं ते त्यानं तिथेच दाबलं. म्हातारी माणसं जातात, आणि चिंचोक्यांनी काही होत नसतं.

४

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी ॲनी घरी येताना म्हणाली, "आज गंमत झाली. बोलण्याच्या नादात मीसुद्धा रिकाम्या घरावर चिंचोका ठेवला. मावशीची सवय लागली वाटतं मला."

फर्डी सायकल हातानं ढकलत चालला होता. तो थांबला. "तू ठेवलास? ठेवलेलं आठवतंय?"

"आठवत असतं तर ठेवला असता का?"

त्या संध्याकाळी त्याला जेवण गेलं नाही. ॲनीला वाटलं पित्त झालं. पण त्याला भीती वाटत होती. एवढी साधी गोष्ट होती, आणि ती स्वतःशी कबूल करायला त्याला दोन आठवडे लागले. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली होती. मूलबाळ नव्हतं. त्याचं दुःख दोघांनी कधीच वाटून संपवलं होतं. आता सकाळी ॲनी अंगणात पाणी शिंपायची तो आवाज, दुपारी ती सुकवलेल्या केळ्यांची सुकेळी खात पडवीत बसून त्याच्या गिऱ्हाइकांशी गप्पा मारायची ते, एवढंच त्याचं ऐश्वर्य होतं. ते जाण्याचा हिशेब त्यानं कधी केला नव्हता.

पाचव्या रविवारी त्यानं पडताळून पाहायचं ठरवलं. काचेत ०० असतानाच तो उठला, चपला फटफटवत शेवटच्या रांगेपर्यंत गेला आणि ॲनीच्या पत्त्यात डोकावला. रिकाम्या चौकोनांत चार चिंचोके आधीच होते, मागच्या चार रविवारांचे.

"काय रे?" ॲनी म्हणाली. "बायकोचा पत्ता बघतोस? लोक बोलतील."

लोक बोललेच. तो परत येऊन बसला, बटण दाबलं, "तीन आणि नऊ, एकोणचाळीस" असं पुकारलं आणि लगेच मान वळवली. लांबून नीट दिसलं नाही. पण डाव संपल्यावर मोजले तर पाच होते.

म्हणजे शून्य आल्यावर नाही. शून्यावरून पुढे गेल्यावर. त्याच्या बोटानं बटण दाबलं की चिंचोका पडत होता.

मग त्यानं ॲनीला सगळं सांगितलं. न लपवता, मावशीच्या बारा रविवारांसकट. ती शांतपणे ऐकत राहिली. शेवटी म्हणाली, "मावशी एक्याऐंशीची होती, फर्डी. मी बावन्नची आहे."

"पत्ता तरी बदल."

"अठरा नंबर माझा आहे."

"मग येऊ नकोस रविवारी."

"आणि घरी बसून काय करू? जायचंच असेल तर हाऊजीचा रविवार बुडवून कशाला जाऊ?" ती हसली. मग त्याचा चेहरा पाहून तिनं त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि बराच वेळ तसाच ठेवला.

५

अकराव्या रविवारी त्यानं सरळ खोटं सांगितलं. म्हणाला, मशीन जळलं. मशीन घरी कपाटात, प्लग काढलेला, बॅटरी वेगळी. ॲन्सेल्मनं मंडळाच्या पेटीतून लाकडी चकत्यांची जुनी पिशवी काढली. कापडाला डांबराच्या गोळ्यांचा वास येत होता.

पिशवीत क्रम नसतो, वर्तुळ नसतं. फर्डीला हायसं वाटलं. पहिले दोन डाव मजेत गेले. मुलं शून्य हवं म्हणून ओरडली तेव्हा तोही हसला.

तिसऱ्या डावात त्याच्या हाताला बावीस लागला. पुकारला. पुन्हा हात घातला आणि एक चकती काढली. तिच्या दोन्ही बाजू कोऱ्या होत्या.

"रंग उडालेला दिसतोय," ॲन्सेल्म म्हणाला.

रंग उडाला असेल. जुन्या चकत्या, कितीतरी हातांतून गेलेल्या. फर्डीनं ती खिशात टाकली. खेळ थांबवावा असं त्याला फार वाटलं, पण ऐंशी माणसं त्याच्याकडे पाहत होती आणि सांगण्यासारखं कारण काहीच नव्हतं. त्यानं हात घातला, खोल, अगदी तळाशी, आणि चकत्या चांगल्या ढवळून एक उचलली. एकोणचाळीस.

डाव संपल्यावर ॲन्सेल्मनं चकत्या मोजल्या. एक ते नव्वद सगळ्या होत्या. ॲनीच्या पत्त्यावर रिकाम्या चौकोनांत अकरा चिंचोके होते.

घरी जाताना फर्डीनं एक गोष्ट पक्की केली. पिशवी कोऱ्या चकतीवर थांबवून ठेवता येत नाही. मशीन निदान शून्यावर थांबतं, त्याचं बोट दाबेपर्यंत.

६

नाताळच्या आधीचा रविवार, ॲनीचा बारावा. मशीन दुरुस्त झालं असं सांगून फर्डीनं ते परत आणलं होतं. हॉलमध्ये पताका लावल्या होत्या, कोपऱ्यात येशूजन्माचा गोठा मांडला होता. गर्दी इतकी की मुलांना जमिनीवर बसवलं होतं. मोठ्या डावाला कॅसेरोलचा सहा नगांचा सेट होता आणि ॲनीचा गेला महिनाभर त्याच्यावर डोळा होता. तिनं निळी साडी नेसली होती. जाताना म्हणाली, "आज पुकारताना तोंड पाडू नकोस."

मोठा डाव सुरू झाला. खिडकीतून साडेपाचचं ऊन आत येत होतं आणि मशीनच्या लाल काचेत मागचा सगळा हॉल दिसत होता, पताकांसकट. फर्डी आकडे पुकारत होता आणि मनात पुढचा मणी धरून बसला होता. सत्तर-एकाहत्तर वेळा बटण दाबल्यावर त्याला कळलं की बावीस आता जवळ आला.

"दोन आणि दोन, बावीस."

बटण दाबलं. ००.

मुलांनी टाळ्या वाजवल्या. मोठी माणसं हसली. मग सगळे गप्प झाले, दर वेळी व्हायचे तसे, पुढच्या आकड्यासाठी.

फर्डीचं बोट बटणावर होतं. त्यानं ते दाबलं नाही. त्यानं काचेत पाहिलं आणि उगाच, भीती टाळण्यासाठी माणूस काहीतरी मोजतो तशा रांगा मोजल्या. पहिली, दुसरी, तिसरी. सातवी. आठवीत ॲनीची निळी साडी, पत्त्यावर वाकलेलं डोकं. आणि तिच्या मागे नववी.

आठवीच्या मागे भिंत होती, हे त्याला ठाऊक होतं. नवव्या रांगेत सगळी जागा रिकामी होती, फक्त ॲनीच्या बरोबर मागे कुणीतरी बसलं होतं. चेहरा काचेतल्या शून्याच्या उजेडात बुडाला होता. हात तेवढा दिसत होता. ॲनीच्या खांद्यावरून पुढे आलेला, पत्त्याच्या वर धरलेला, आजीनं नातवाला खेळ शिकवताना धरावा तसा. चिमटीत काहीतरी होतं. तो हात घाई करत नव्हता. तो पुकारण्याची वाट पाहत होता.

फर्डीनं मान वळवली नाही. वळवली असती तर आठच रांगा दिसल्या असत्या आणि मग शहाण्या माणसासारखं त्यानं बटण दाबलं असतं.

"फर्डी, अडकलं का?" ॲन्सेल्मनं विचारलं.

फर्डीनं बोट बटणावरून उचललं आणि हात मांडीवर ठेवला. काचेवर स्वतःचा रुमाल टाकला. आणि मोठ्यानं, हॉलच्या टोकापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाला, "तीन आणि नऊ, एकोणचाळीस."

चिंचोके पडल्याचे आवाज आले.

"सहा आणि एक, एकसष्ट. सात आणि पाच, पंच्याहत्तर. दोन आणि सहा, सव्वीस."

बहात्तर, सहा, चव्वेचाळीस, सदतीस. त्याचा आवाज कापत नव्हता. सायकलवरून आचोळ्याला जाताना म्हणायचा तसा तो म्हणत गेला. मशीन रुमालाखाली शून्यावर थांबलेलं होतं आणि पुढचे आकडे आता त्याच्याजवळ होते, दुसऱ्या कुणाला ते लक्षात ठेवायची गरज नव्हती. एकोणपन्नास. एक्याऐंशी. ब्याऐंशी. अठ्ठ्याहत्तर, बेचाळीस, नऊ, वीस, तीन, अठ्ठावीस.

"तीन आणि पाच, पस्तीस."

"हाऊस," मागून ॲनी म्हणाली. आवाज इतका बारीक की तिला दोनदा सांगावं लागलं.

ॲन्सेल्मनं पत्ता तपासला. पंधरा आकडे, पंधरा चिंचोके. रिकाम्या चौकोनांत अकरा. एक घर मोकळं होतं. फर्डीनं ते तीनदा पाहिलं आणि भर हॉलमध्ये बायकोला मिठी मारली. लोकांनी शिट्या वाजवल्या. ते कॅसेरोलसाठी एवढं करतात, असं लोकांना वाटलं असेल.

७

मशीन त्यानं बॅटरीसकट, चालू ठेवूनच, रिक्षात मांडीवर घेऊन घरी आणलं आणि शोकेसवर ठेवलं. त्यावर विणलेला रुमाल घातला. बटणाच्या जागी पितळी पट्टी ठोकली. मंडळाला सांगितलं की आता पिशवीच बरी. पिशवीत कोरी चकती पुन्हा कधी आली नाही. ती फर्डीनं राजोडीच्या समुद्रात टाकली होती.

बॅटरी कमजोर झाली की तो नवी जोडूनच जुनी काढायचा. असं चार वेळा झालं. वसई रोडला पूल झाले, समोरच्या वाडीत सात मजली इमारती आल्या, गिऱ्हाइकं मिक्सर दुरुस्त करायचं सोडून नवा घेऊ लागली. ॲनीचे केस पांढरे झाले आणि तिला ते शोभले. रविवारी ती हाऊजीला जायची, अठरा नंबर पत्त्यावर खेळायची आणि हरून हसत घरी यायची. कॅसेरोलमध्ये अजून पोळ्या गरम राहत होत्या. दोघं सुखी होती, हे लपवण्यात अर्थ नाही.

फर्डीनं एक नेम मात्र सोडला नाही. संध्याकाळी चर्चची घंटा झाली की खुर्चीत बसून मनातल्या मनात एकदा वर्तुळ म्हणायचं. बावीसपासून सुरुवात करायची आणि बावीसपाशी यायचं. मशीन शून्यावर आहे तोवर ते कुणाला तरी पाठ असायला हवं, आणि ते आपल्यालाच असलेलं बरं, अशी त्याची समजूत होती.

दोन हजार सात सालच्या पावसाळ्यानंतरची गोष्ट. घंटा झाली. तो खुर्चीत बसला. बावीस, असं म्हणाला, आणि पुढे काही आलं नाही.

त्यानं पुन्हा सुरुवात केली. बावीस. जिभेवर काहीच नाही. सदुसष्ट वर्षांचा झाला होता तो. चष्मा विसरायचा, गॅस बंद केला का ते विसरायचा. पण हे नव्हतं विसरला कधी.  शोकेसवरच्या रुमालातून लाल उजेड दिसत होता.

"बावीस," तो या वेळी मोठ्यानं म्हणाला, आधाराला काहीतरी धरावं तसा.

"एकोणचाळीस," स्वयंपाकघरातून ॲनी म्हणाली.

त्याला इतकं हायसं वाटलं की तो हसलाच. "रोज ऐकून तुलाही पाठ झालं तर."

"रोज कुठे? तू मनात म्हणतोस. ओठसुद्धा हलत नाहीत तुझे." ती हात पुसत बाहेर आली. "सगळं येतं मला. तिनंच सांगितलं होतं तेव्हा."

"कुणी?"

"त्या कॅसेरोलच्या रविवारी. माझ्या मागे बसली होती ना ती बाई. तू रुमाल टाकलास तेव्हा ती हळूच माझ्या कानाशी सगळे आकडे सांगत होती, तुझ्या थोडंसं आधी. म्हणाली, लक्षात ठेव, तुझा नवरा एक दिवस विसरेल." ॲनी त्याच्याकडे पाहून हसली. "मी मागे पाहिलं नाही. पत्त्यावरून नजर हलवली की आकडा चुकतो. पण चांगली होती बिचारी. फुल हाऊस तिच्यामुळेच लागलं म्हण."

फर्डीनं शोकेसवरच्या मशीनकडे पाहिलं.

तिनं शोकेसच्या खालच्या खणातून शिवणाच्या बटणांचा बिस्किटाचा डबा काढला, त्यात बोटं घालून चाचपलं आणि एक चिंचोका बाहेर काढला. वापरून वापरून गुळगुळीत झालेला. "हा तिनं माझ्या हातात दिला होता. तू आकडा मशीनमधून नाही पुकारलास ना, म्हणून तिला ठेवता आला नाही. म्हणाली, घाई नाही, तुझा तू ठेव, सवडीनं."

"मला कधी सांगितलं नाहीस."

"घाबरला असतास," ती म्हणाली. "आणि दहा वर्षं बरी गेली ना?"

बरी गेली होती. फार चांगली गेली होती. तिच्या तळव्यावरचा चिंचोका त्यानं पाहिला, तिची बोटं एकेक करून त्यावर मिटवली आणि ती मूठ आपल्या दोन्ही हातांत धरली. मूठ ऊबदार होती. ती तशीच हात न सोडवता त्याच्या शेजारच्या खुर्चीत बसली.

"चल, म्हण," ती म्हणाली. "एक तू, एक मी. रोझरीसारखं. म्हणजे कुणी विसरणार नाही."

बाहेर रिक्षा गेली. फर्डीनं घसा साफ केला.

"बावीस," तो म्हणाला.

ॲनी लगेच बोलली नाही. मान जराशी कलती करून, मधल्या माणसाचं म्हणून होईपर्यंत थांबावं तशी ती थांबली, आणि मग म्हणाली, "एकोणचाळीस."